शेठचा ठेका

शेठना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही चांगलं घडलं त्याचं सगळं पुण्य शेठच्या या अज्ञानाला आहे. ‘रॉक अँड रोल’ हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले, तेव्हा तो कोपऱ्यावरच्या हॉटेलातला नवा पदार्थ असावा अशी त्यांची समजूत झाली. दुसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांनी ‘खपतं किती?’ एवढंच विचारलं. तिसऱ्यांदा पडायच्या आत सिनेमा तयार होऊन थिएटरला लागलासुद्धा होता.

शेठ म्हणजे कुणी एक इसम नव्हे. १९५५ नंतरच्या आठ-दहा वर्षांत हॉलिवूडच्या मागच्या दारानं ये-जा करणारी ती एक जमात आहे. वय पन्नाशीच्या आगेमागे. तोंडात चिरूट, तो पेटवलेला असेलच असं नाही, कारण पेटवला की संपतो. टेबलावर दोन टेलिफोन, एक बँकेशी बोलायला आणि एक थिएटरवाल्यांशी. कलावंतांनी जिना चढून यावं. भिंतीवर रंगीबेरंगी पोस्टरं लावलेली असतात, त्यातले निम्मे सिनेमे अजून काढायचे असतात. शेठना ‘कला’ या शब्दाचा राग नाही. कुणी तो उच्चारला की त्यांचा हात नकळत खिशातल्या पाकिटावर जातो, एवढंच.

त्या दिवसांत हॉलिवूडची शहाणीसुरती मंडळी सुतकात होती. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मोठ्या स्टुडिओंच्या हातून त्यांची थिएटरं सुटायला लागली होती आणि पाठोपाठ घरोघरी टेलिव्हिजन येऊन बसला होता. मोठे स्टुडिओ घाबरून आणखी मोठे झाले: रुंद पडदे, बायबलातल्या कथा, हजारोंचा जमाव. छोटे, स्वस्त सिनेमे काढायला त्यांना फुरसत राहिली नाही. थिएटरवाल्यांना मात्र एका तिकिटात दोन खेळ दाखवायची सवय लागलेली. दुसरा खेळ आणायचा कुठून?

इथे शेठ पुढे सरसावले. त्यांचा हिशेब सोपा होता. आईबाप घरी टीव्हीसमोर बसले आहेत. पोरांना आईबापांसमोर बसायचं नाही. म्हणजे पोरं बाहेर. पोरांच्या खिशात पैसे आहेत आणि बापाची मोटार आहे. म्हणजे पोरं ड्राइव्ह-इनला. पन्नाशीचं दशक संपत आलं तेव्हा अमेरिकेत अशी उघड्यावरची थिएटरं चार हजारांवर होती. तिथे रात्रीच्या अंधारात मोटारीत बसलेली जोडपी पडद्याकडे नेमकी किती वेळ बघतात, याचा शेठनी बारकाईनं विचार केला होता. त्यामुळे पटकथेवर किती खर्च करायचा याबद्दल त्यांच्या मनात कधी गोंधळ झाला नाही.

या जमातीचा मूळपुरुष सॅम कॅट्झमन. १९०१ सालचा न्यूयॉर्कचा जन्म, तेराव्या वर्षी स्टुडिओत सामानसुमान उचलणारा पोऱ्या म्हणून सुरुवात, आणि तिथून चढत चढत कोलंबिया स्टुडिओच्या स्वस्त विभागाचा अनभिषिक्त राजा. काटकसर म्हणजे काय हे यांच्याकडून शिकावं. १९४८ साली त्यांनी ‘सुपरमॅन’ची मालिका काढली. नटाला तारांना टांगून उडवायचा बेत जमेना, तेव्हा त्यांनी उडणारा सुपरमॅन चित्रकाराकडून काढून घेतला. जमिनीवर असेतो नट, हवेत गेला की कार्टून. टारझनपणातून निवृत्त झालेल्या जॉनी वाइसमुलरला घेऊन त्यांनी ‘जंगल जिम’चे सिनेमे काढले. पुढे ‘जंगल जिम’ या नावाचे हक्क हातचे गेले. दुसरा कुणी असता तर सिनेमे बंद केले असते किंवा वकील गाठला असता. कॅट्झमननी नायकाचंच नाव ‘जॉनी वाइसमुलर’ ठेवलं आणि आणखी तीन सिनेमे काढले. ते नाव वापरायला हक्क विकत घ्यावे लागत नव्हते. नट आधीच पगारावर होता.

१९५५ साली त्यांच्या एका सिनेमात राक्षसी ऑक्टोपस सान फ्रान्सिस्कोवर चाल करून येतो. त्याला हात सहा. रे हॅरीहाउसेनसारखा जादूगार तो हलवत होता. पण एकेक हात एकेक चौकट हलवायचा म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे पैसा. आठ परवडत नव्हते. प्रेक्षकांतल्या कुणी हात मोजले असतील तर मोजोत बापडे, त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते.

तर अशा माणसाच्या कानावर १९५५ मध्ये बातमी आली. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाच्या एका गंभीर सिनेमाच्या नामावलीवर बिल हेली आणि त्याच्या कॉमेट्सचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ वाजत होतं, आणि ते लागलं की पोरं खुर्च्या सोडून नाचत होती. सिनेमा शाळेतल्या गुंडगिरीवर होता. समाजधुरीण त्यावर परिसंवाद घेत बसले. कॅट्झमननी त्यातून एकच निष्कर्ष काढला: पोरं नामावलीलाच नाचत असतील, तर पुढच्या गंभीर सिनेमाचा खर्च हवाय कशाला?

१९५६ च्या जानेवारीत चित्रीकरण, मार्चमध्ये थिएटरात. खर्च तीन लाख डॉलर्सच्या घरात. कृष्णधवल, सव्वा तासाचा, नाव गाण्याचंच. दिग्दर्शक फ्रेड सिअर्स. त्याच सालात याच जोडीचा उडत्या तबकड्यांवरचा सिनेमाही आला. पोरांचं नाचणं काय आणि परग्रहावरच्यांचं उतरणं काय, सिअर्ससाठी दोन्ही एकाच शिफ्टमधली कामं. हा माणूस १९५७ च्या अखेरीस चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याचे सिनेमे मात्र नंतरही येतच राहिले, इतका माल त्यानं करून ठेवला होता.

आणि बिल हेली! साऱ्या जगातल्या बंडखोर पोरांचा हा पहिला नायक तेव्हा तिशीला टेकलेला, गोल चेहऱ्याचा, पोराबाळांचा बाप होता. कपाळावर तेल लावून चिकटवलेली एक बट सोडली, तर लग्नात पंगतीची व्यवस्था बघणाऱ्या थोरल्या भावोजींसारखा दिसे. शेठना त्याचं वय दिसलं नाही. त्यांना रेकॉर्डचा खप दिसत होता, आणि खपाला वय नसतं.

गोष्टीबद्दल फार बोलायला नको. गोष्ट सगळ्या सिनेमांत एकच आहे. एक गाव असतं. गावात पोरं नाचत असतात. शहरातला कुणी मॅनेजर मोटारीतून येतो, ऐकतो, चकित होतो. मधे एक बाई करारात खोडा घालते. शेवटी सगळे एका मोठ्या हॉलमध्ये जमतात आणि नाचतात. जिथे गोष्ट पुढे सरकत नाही तिथे एक गाणं, आणि सरकायची भीती वाटली तर दोन. यात प्रत्येक वेळी ॲलन फ्रीड नावाचा रेडिओवरचा निवेदक स्वतःच्याच नावानं हजर असतो आणि संकटातून सोडवतो. आपल्याकडच्या पौराणिक सिनेमात शेवटच्या रिळात विष्णू प्रकटत, तसं त्याचं येणं. फरक एवढाच की विष्णूंना प्रसिद्धीची गरज नव्हती.

गावात एक विरोधी पक्ष लागतो. तो म्हणजे महापौर, किंवा नायिकेचे वडील, किंवा टोपीवर पिसं लावलेल्या दोन बायका. ‘या असल्या थेरांनी पिढी वाया चालली’ हे वाक्य यांच्याकडे कायम. शेठनी यांना वाईट ठरवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. १९५६ च्याच डिसेंबरात आलेल्या ‘डोन्ट नॉक द रॉक’मध्ये पोरं एक कार्यक्रम बसवतात आणि त्यात वडीलधाऱ्यांच्या तरुणपणीचे नाच करून दाखवतात. विशीच्या दशकातला चार्ल्सटन बघून वडीलधारे वरमतात: अरे, हे तर आपणच! मग समेट. लोकांना यात शेठची उदारमतवादी दृष्टी दिसली. मला त्यात तिकिटांचा विचार दिसतो. पोरांना सिनेमाला सोडायचं की नाही हे शेवटी त्या वडीलधाऱ्यांच्याच हातात होतं, आणि मोटारीची किल्लीही.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका सिनेमा ‘रॉक, रॉक, रॉक!’. तोही १९५६ चाच. निर्माते मॅक्स रोझेनबर्ग आणि मिल्टन सुबॉट्स्की. कथानक असं: एका मुलीला शाळेच्या नाचाला जायला बिनपट्ट्यांचा झगा हवा आहे आणि बापानं दुकानातलं उधारीचं खातं बंद केलं आहे. संपलं. याहून मोठं दुःख शेठना परवडणारं नव्हतं. तेरा वर्षांची ट्यूसडे वेल्ड नायिका. तिच्या गाण्यांना आवाज कॉनी फ्रान्सिसचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुणी डोळे वटारत नाही तो साधा प्लेबॅक. ही मुलगी झग्याच्या पैशांसाठी खटपटी करते. मधल्या वेळात टीव्ही लावते. टीव्हीवर कोण? ॲलन फ्रीड. आणि मग एकामागून एक गाणी. नायिका घरात सोफ्यावर, गायक टीव्हीत. दोघांना एका सेटवर आणायचा खर्चच नाही. टीव्हीनं सिनेमाचा धंदा बुडवला म्हणून इतर निर्माते बोटं मोडत होते, तेव्हा या दोघांनी त्याला सामान म्हणून कामाला लावलं.

आता मुख्य मुद्दा. चित्रीकरणाच्या दिवशी गायक येतात. शेठ घड्याळ बघतात. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं आहे, गायकानं ओठ हलवायचे. कॅमेरा एका जागी ठेवायचा, कारण हलवला तर रूळ टाका, दिवे सरकवा, पुन्हा तालीम घ्या. मधे मधे दुसरं काही दाखवायचं तर ते दुसरं काही उभं करावं लागेल. म्हणून नाही. गायकाला पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत घ्या, गाणं सुरू करा, संपलं की पुढचा. गायकानं काय करावं हे सांगायला दिग्दर्शकाला वेळ नाही आणि शेठना ज्ञान नाही. शेठ कॉफी प्यायला जातात.

आणि मागे चक बेरी उभा असतो.

एकटा, हातात गिटार, मागे वादक नाहीत. पण आवाज साऱ्या वाद्यांचा. गुडघे, मान, डोळे, सगळं गाण्यात. ‘डोन्ट नॉक द रॉक’मध्ये ढगळ सुटातला लिटल रिचर्ड उभ्यानं पियानो बडवतो आणि त्याचा सॅक्सोफोनवाला चक्क पियानोवर चढून वाजवतो. कुणी ‘खाली उतर’ म्हणालं नाही. ते म्हणायला कुणी लक्ष देत असायला हवं होतं. फ्रँकी लायमन, तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, आपण गुंड नाही असं गाऊन सांगतो आणि पाय असे टाकतो की महापौरांनीही खुर्ची सोडावी. १९५९ च्या ‘गो, जॉनी, गो!’मध्ये रिची व्हॅलेन्स एक गाणं म्हणतो. सिनेमा लागायच्या आधीच, ३ फेब्रुवारीच्या विमान अपघातात, सतराव्या वर्षी तो गेला होता. त्याचं सिनेमातलं दर्शन तेवढंच. त्याच सिनेमात एडी कॉक्रन आहे. पुढच्या वर्षी तोही गेला.

संगीत कळणारा जाणकार माणूस तिथे असता तर त्यानं काय काय केलं असतं, याची कल्पना करून पाहा. लिटल रिचर्डला शिस्तीत बसवलं असतं. चक बेरीच्या मागे कारंजं आणि वीस नर्तकी उभ्या केल्या असत्या. कॅमेरा वरून, खालून, आरशातून फिरवला असता. शेठच्या कंजूषपणानं हे सगळं वाचवलं. खर्च करूनही चांगलं काम करणारा फ्रँक टॅशलिनसारखा एखादा असतो, नाही असं नाही. त्याचा रंगीत ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ १९५६ चाच, आणि फारच देखणा. पण असे लोक रोज निपजत नाहीत. शेठ रोज निपजतात.

या चौकटीतलं आणखी एक गणित आहे, आणि ते मला हसत हसत सांगता येत नाही. काळे गायक या सिनेमांत बहुतेक ‘पाहुणे’ म्हणून येतात. मंचावर येतात, गातात, जातात. गोष्टीत त्यांना घर नाही, शाळा नाही, प्रेयसी नाही. ज्यांचं संगीत त्यांनाच कथेत जागा नाही, आणि गोरी पोरं समोर बसून टाळ्या वाजवतात. ‘गो, जॉनी, गो!’मध्ये चक बेरीला थोडे संवाद मिळाले तर ती मोठी गोष्ट ठरली. १९५७ मध्ये फ्रीडच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेतल्या स्थानकांनी आरडाओरडा केला आणि कार्यक्रमच बंद पडला. शेठनी हे नियम केले नव्हते. मोडलेही नाहीत, मोडायला खर्च येतो.

‘रॉक अराउंड द क्लॉक’ सिनेमा इंग्लंडला पोचला तेव्हा शेठचं नशीब खरं फळफळलं. १९५६ च्या सप्टेंबरात लंडन आणि इतर शहरांत पोरं थिएटरच्या वाटेत नाचली, खुर्च्या मोडल्या, बाहेर रस्ते अडवले. अनेक गावांच्या नगरपालिकांनी सिनेमावर बंदी घातली. जो सिनेमा पाहून फार तर झोप यावी, त्यावर पोलीस बंदोबस्त! शेठनी इतकी वर्षं पोस्टरांवर ‘स्फोटक’, ‘बेभान’, ‘वादळी’ असले शब्द छापले होते. ते कधी खरे होतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. बंदी घालणाऱ्या नगरसेवकांना त्यांनी जाहिरातीचं कमिशन पाठवायला हवं होतं.

आपल्या वाचकाला या जागी भगवानदादा आठवतील. त्यांनीही चाळीसच्या दशकात थोड्या पैशांत धडाधड स्टंटपट काढले. पण त्यांना शेठांच्या पंगतीत बसवता येत नाही. त्यांच्या स्वतःच्याच पायांत ताल होता, आणि सी. रामचंद्रांसारखा दोस्त चाल द्यायला होता, म्हणून तर १९५१ चा ‘अलबेला’ झाला. पुणतांब्याच्या या रामचंद्र चितळकरांनी गोव्याच्या ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला साथीला घेऊन मुंबईत पाश्चात्त्य ठेका केव्हाच मुरवला होता. १९५७ मध्ये ‘ईना मीना डीका’ आलं तेव्हा ते या रॉकच्या लाटेतलं अस्सल आपलं अपत्य होतं. तिथे खुर्च्या मोडल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे पडद्यावर नाचण्याचं नवल कुणाला?

शेठची निष्ठा रॉक अँड रोलवर होती असा कुणाचा समज झाला असेल तर तो दूर केला पाहिजे. १९५७ मध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं की रॉक संपलं, आता कॅलिप्सो. कॅट्झमननी त्याच वर्षी ‘कॅलिप्सो हीट वेव्ह’ काढला. त्यात पुढे थोर लेखिका झालेली माया अँजेलू गाते-नाचते. कॅलिप्सो टिकलं नाही, रॉक टिकलं. शेठ न लाजता परत आले. १९६१ मध्ये ट्विस्टची साथ आली. त्यांनी ‘ट्विस्ट अराउंड द क्लॉक’ काढला. नाव बदलायला एक शब्द पुरला, आणि गोष्ट तर बदललीच नाही. पाच वर्षांपूर्वीचीच पुन्हा वापरली. पुढल्या वर्षी ‘डोन्ट नॉक द ट्विस्ट’. १९६३ मध्ये लोकगीतांची लाट, तर ‘हूटेनॅनी हूट’. १९६६ च्या नोव्हेंबरात लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिपवर पोरांची आणि पोलिसांची झटापट झाली, आणि पुढच्या मार्चपर्यंत ‘रायट ऑन सनसेट स्ट्रिप’ तयार. वर्तमानपत्राची रद्दी व्हायला याहून जास्त दिवस लागतात.

मधे एक प्रसंग घडला. कॅट्झमनना खुद्द एल्विस प्रेस्ली मिळाला. एल्विसच्या सिनेमांचा खर्च वाढत चालला होता. त्याच्या कर्नल पार्कर नावाच्या मॅनेजरला झटपट काम उरकणारा माणूस हवा होता. दोन कवडीचुंबक समोरासमोर आले. १९६४ चा ‘किसिन’ कझिन्स’ सतरा दिवसांच्या आसपास उरकला गेला आणि पुढल्या वर्षी आला ‘हॅरम स्केरम’. हा दुसरा अरबस्तानात घडतो. सेट जुन्या सिनेमांतले, कपडे जुन्या सिनेमांतले, वाळवंट स्टुडिओतलं. एल्विसच्या डोक्याला फेटा. कहाणी इतकी विचित्र झाली, की बोलणारा उंट घालून त्याच्याकडून ती सांगून घ्यावी असं कर्नलनी सुचवल्याचं सांगतात. उंट काही आला नाही. बहुधा तो पैसे मागत असावा.

नीट पाहिलं तर शेठची पद्धत तीच, घाई तीच, चिरूट तोच. मग चक बेरीची तीन मिनिटं अजून जिवंत आणि एल्विसचा दीड तास का मेलेला? कारण यावेळी शेठनी लक्ष घातलं होतं. गायक आता पाहुणा नव्हता. तो नायक होता, कथेत होता, आणि कथा शेठची होती. गाणी कथेसाठी शिवून घेतलेली. जगातला सर्वांत महागडा गायक हाताशी असल्यावर शेठ कॉफी प्यायला जाणार तरी कसे?

कॅट्झमन १९७३ साली गेले. ॲलन फ्रीड आधीच, १९६५ मध्ये गेला होता. रेकॉर्ड वाजवायला कंपन्यांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्याची नोकरी गेली, आणि न्यायालयानं त्याला दंड केला तीनशे डॉलर्स. दंडाची रक्कमही शेठच्या बजेटात बसणारी.

‘रॉक, रॉक, रॉक!’चं पुढे काय झालं तेही सांगतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. अर्ज भरायचा, थोडी फी भरायची. १९८४ मध्ये ती वेळ आली आणि कुणी फी भरली नाही. त्यामुळे तो सिनेमा आज तिथे कुणाच्याच मालकीचा नाही. चक बेरी, फ्रँकी लायमन, झग्यासाठी रुसलेली ट्यूसडे वेल्ड, सगळे फुकट बघता येतात, कुणीही कॉपी काढावी, कुणीही विकावी. लोकांनी गेली कित्येक वर्षं ती विकलीही आहे. हे करणाऱ्यांत एकालाही गाण्यातलं काही कळत असेल असं, कॅसेटींवरची ती भडक वेष्टनं पाहून, मला तरी वाटत नाही.